कंट्रोलर आणि माझ्या दोन सवती

आमचे कंट्रोलर सकाळी उठले की देवाकडे जात नाहीत, मोरीकडे जात नाहीत, माझ्याकडे तर ढुंकूनही बघत नाहीत. डोळे चोळत सरळ पडवीलगतच्या खोलीत जातात आणि तिथल्या दोन स्पीकरांच्या पाठीवर हात ठेवतात. आधी डाव्याच्या, मग उजव्याच्या. तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. लाकूड कोरडं लागलं तर त्या दिवशी चहा गोड. ओल लागली तर मी काहीही रांधलं तरी ते अळणी.

कंट्रोलर म्हणजे माझे यजमान. बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत त्यांचा जन्म गेला, म्हणून अख्खा गाव त्यांना कंट्रोलर म्हणतो. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या वेळी पद्धत नव्हती, तेव्हा मलाही ते सोयीचं पडलं. मी बालवाडी चालवायचे. पन्नास पोरांना एका हाकेत गप्प बसवणारी बाई मी, पण ह्या एका माणसाला त्या दोन पेट्यांपासून बाजूला करणं मला काही जमलं नाही.

लोकांना सवत असते ती एक असते. मला दोन आल्या, आणि त्याही जुळ्या. मी त्यांना मनातल्या मनात थोरली आणि धाकटी म्हणते. डावी ती थोरली. माझ्या कमरेएवढ्या उंच, लाकडी अंगाच्या, पुढून काळी जाळी. दिसायला आहेत देखण्या. उगाच खोटं का बोला.

स्टँडवर आयुष्य काढल्यामुळे कंट्रोलर घरातही घोषणाच करतात. भांडण मालवणीत आणि घोषणा शुद्ध मराठीत, असा त्यांचा नेम. "कृपया लक्ष द्यावे. आंघोळीचे पाणी तापलेले असून ते निवण्यापूर्वी संबंधितांनी त्याचा लाभ घ्यावा." संबंधित म्हणजे मी. घरात दुसरं आहे कोण? आमचा मुलगा बाबू मुंबईला. शिवाय हल्ली प्रत्येक घोषणा दोनदा. नोकरीत असताना घरी एकदाच बोलायचे, म्हातारपणी ही खोड वाढली. "आमटीत मीठ कमी आहे. पुन्हा ऐका, आमटीत मीठ कमी आहे." मी म्हणते, अहो, मी काय फलाटावर उभी आहे?

स्टँडवरचा भोंगा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. आत माणूस 'देवगड' म्हणतो, बाहेर डब्यात खडे घालून हलवल्यासारखं काहीतरी येतं आणि म्हाताऱ्या बायका वेंगुर्ल्याच्या गाडीत जाऊन बसतात. दिवसभर स्वतःचाच आवाज असा पत्र्यातून ऐकून कंट्रोलरांच्या कानांना उपास पडायचा. "सुमन," ते मला म्हणायचे, "माका एकदा खरो आवाज आयकाचो आसा. माणूस बाजूक बसान गाता तसो." मी म्हटलं, मी गाते की. त्यावर ते काही बोलले नाहीत. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

मग म्हापशाकडचं एक जुनं कुटुंब घर विकून परदेशी चाललंय, सामान काढतायत, अशी बातमी कुठल्याशा ड्रायव्हरने आणली. आमच्या लग्नाला कंट्रोलरांनी एक दिवसाची रजा घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी अक्षता झटकून ड्यूटीवर हजर. त्याच माणसाने स्पीकर आणायला तीन दिवसांची रजा टाकली. आणले कसे ऐका. बसच्या टपावर टाकायला जीव होईना, म्हणून दोघींची दोन पूर्ण तिकिटं काढली. दोघींना खिडकीची जागा. एक पुढे, एक मागे. स्वतः म्हापशापासून मधल्या वाटेत उभे, एक हात हिच्या खांद्यावर, एक हात तिच्या. आणि मी माहेरी, फोंडाघाटला जायचे तेव्हा, कंट्रोलरची बायको म्हणून मला कुठे बसवायचे माहीत आहे? ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर. बूड भाजत माहेर गाठायचं. कारण काय, तर 'पॅसेंजरांची सीट आपण अडवूची नाय'.

तेव्हापासून मी जळते. लपवून काय करायचंय? जळते ती जळते.

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना घाम येतो आणि समुद्रावरची खारी हवा लोखंडाला महिन्यात खाते. त्या दिवसांत दोघींच्या मध्ये एक पिवळा बल्ब पेटता असतो, ऊब मिळावी म्हणून. वर माझी शाल. बाबूने पहिल्या पगारातून मला आणलेली लोकरीची शाल दोघींवर पांघरलेली, आणि मी गोधडीत. मी एकदा शाल ओढून घेतली तर संध्याकाळी माझ्या अंगावरून अलगद काढून परत तिकडे. "तुका आसा मगे गोधडी," म्हणे.

आणि ती खुर्ची. स्पीकरांसमोर बरोबर मध्यावर वेताची एक खुर्ची. तिचे चार पाय कुठे टेकायचे त्या जागी जमिनीवर लाल रंगाचे चार ठिपके. म्हणे दोन्ही बाजूंचा आवाज नेमका तिथेच एक होतो. वीतभर सरकलं की गेलं. मी केर काढताना खुर्ची हलवली तर ते आल्याबरोबर ओळखायचे, बसून नव्हे, नुसतं बघून. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसायचं नाही. पाहुणा नाही, बाबू नाही, मी तर नाहीच. मी दारात उभी राहून तांदूळ निवडत जे काय कानावर पडेल ते ऐकायचं. तिथून डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं ऐकताना मी मनातल्या मनात बुवांना शाबासकी द्यायची आणि तोंडाने म्हणायची, किती वेळ चाललंय हे.

शेजारची मालूवहिनी म्हणते, "गो, बाईच्या नादाक लागूक नाय, दारवेच्या नादाक लागूक नाय, पेटयेच्या नादाक लागलो. तुका आणि काय होया?" तिला काय सांगायचं? बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या.

तर गेल्या श्रावणात थोरली आजारी पडली.

संध्याकाळी भजनाची कॅसेट लावून कंट्रोलर खुर्चीत बसले आणि ताडकन उठले. चेहरा पांढरा. "आयकलंस? खोकता ती." मला काही फरक कळला नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून बरं वाटलं. दोन दिवसांत धाकटीही खोकायला लागली. जाळी काढली तर आतल्या मोठ्या वाटोळ्या कागदाभोवती जी मऊ फोमची कड असते ती बोट लावताच चुरमुऱ्यांसारखी गळून पडली. खाऱ्या हवेने दोघींच्याही कडा खाल्ल्या होत्या. कंट्रोलरांनी तो चुरा केरात टाकला नाही, वाटीत भरून ठेवला. मी म्हटलं, आता काय दहावं घालणार?

बाबूला कळलं तसं त्याने फोनवर सांगितलं की बाबा, जुनं टाकून द्या, मी नवे पाठवतो. असं तो म्हणाला हे मला कंट्रोलरांनी सांगितलं. बाबू हल्ली फोनवर शब्द गिळतो. मुंबईला गेल्यापासून सगळी माणसं तशीच बोलायला लागतात. टीव्हीवरचे नटही तसेच, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि पगार घेतात. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा पूर्वीसारख्या दमदार राहिल्या नाहीत, चार झाल्या की पाच कळायला मार्ग नाही, आमचा भात दोनदा लागला. वस्तूच हलक्या यायला लागल्यात. हे मी कंट्रोलरांना म्हटलं तर ते दोन वर्षांमागे एकदा हळूच म्हणाले होते, "कुडाळाक कानाचो डॉक्टर येता म्हणतत." मी विचारलं, कोणाचे कान? त्यावर आमचं जे काही झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यानंतर आमच्या घरात 'कान' हा शब्द कोणी काढला नाही.

गणपतीच्या आधी बाबूचं पार्सल आलं. नवे स्पीकर म्हणजे दोन साबणाच्या वड्या. पांढऱ्या, गुळगुळीत, वायरसुद्धा नाही. कंट्रोलरांनी त्या दोन वड्या थोरली-धाकटीच्या डोक्यावर ठेवल्या. मला इतका आनंद झाला की मी गूळखोबरं वाटलं असतं. म्हटलं, गेल्या. आता गेल्या ह्या. शाल माझी, खोली माझी, सकाळचा हातही कदाचित माझाच.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. कंट्रोलर म्हणाले, "सुमन, तू हंय बस." हंय म्हणजे खुर्चीत.

मी दोनदा विचारलं. मग पदर नीट करून बसले. इतक्या वर्षांनी त्या चार लाल ठिपक्यांच्या वर बसताना मला सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं, पण चेहरा मी तसाच ठेवला. कंट्रोलर मागच्या बाजूला जाऊन कधी जुने लावत, कधी नवे. जुने खोकत होते तरी हळू लावत. मला विचारत, "आता? आणि आता? खंयचो बरो?" मी कशाला सवतीची बाजू घेऊ? खरं म्हणाल तर त्या साबणाच्या वड्यांतून मला भिंतीवरून मुंगी चालावी इतपतच काहीतरी येत होतं. पण मी ठणकावून सांगितलं, नवा. नवा एकदम फर्मास. अगदी घंटेसारखा.

कंट्रोलर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते खाली, माझ्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, मेला ह्यांचा जीव त्या ठिपक्यांत अडकलाय, मी पायाने रंग खरवडते की काय म्हणून बघतायत. मी पाय आवरून घेतले. ते म्हणाले, "पाय सोड. मोकळे सोड." असं चार संध्याकाळी चाललं. चारही वेळा मी नव्यांना मत दिलं आणि चारही वेळा ते यंत्र बंद करून दारापुढच्या खळ्यात जाऊन उभे राहिले.

म्हटलं, हा माणूस मला विचारतो कशाला, जर ऐकायचंच नसेल?

गणपती उरकल्यावर ते कुडाळला एका दुरुस्तीवाल्याला विचारून आले. चांगला अनुभवी माणूस, पण तोही तळ्यात-मळ्यात. तो म्हणाला म्हणे, "काका, कड बदलून देतंय, पण ती भायरसून मागवची लागतली. आणि खरा सांगतंय, उघडतानाच आतलो जुनो कागद फाटलो तर मगे माझ्या हातात काय नाय. परत खाऱ्या हवेत ही नवी कड किती टिकात ता देवाक ठावक." म्हणजे दुरुस्त करायला जावं तर आहेत त्याही जायच्या. न करावं तर खोकत मरायच्या. कंट्रोलर जेवीनासे झाले. पेजेचा वाडगा पुढ्यात घेऊन भिंतीकडे बघत बसायचे. मी तापाने फणफणले होते तेव्हा हे भाकरीवर माशाचं तिखलं ओरपत होते, हे मला चांगलं आठवतं.

आणि एका सोमवारी मालूवहिनीने आमच्यामधल्या दगडी गडग्यापलीकडून ओरडून सांगितलं, "गो, तुझो घोव रवळनाथाकडे कौल लावता हा."

कौल म्हणजे आमच्याकडे देवाला प्रश्न विचारायची रीत. देवाचा मानकरी घाडी गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लोक लग्नासाठी लावतात, घर बांधायचं असलं तर लावतात, माणूस आजारी असला तर लावतात. बाबूचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी कौल लावला नाही. माझी पिशवी काढायची होती तेव्हा ह्यांनी डॉक्टरला विचारलं, देवाला नाही. आणि आता दोन पेट्यांसाठी देव जागा करायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं पीठ तसंच ठेवून मी देवळात गेले.

मी आत गेले नाही. सभामंडपात मागच्या खांबाशी उभी राहिले, कोणाला दिसणार नाही अशी. पुढे दाजी घाडी उभा, बाजूला कंट्रोलर हात जोडून, धुतलेला सदरा घालून. दहाबारा माणसं, त्यांत मालूवहिनीही. घाडी बराच वेळ गाऱ्हाणं घालत होता. त्याचा बाप गाऱ्हाणं घालायचा तेव्हा तळ्यापलीकडे ऐकू जायचं. हा पोरगा नुसता पुटपुटतो. मला फक्त माणसांचं "व्हय म्हाराजा" तेवढं कळत होतं. एकदा 'व्हय म्हाराजा' म्हणताना मालूवहिनीने पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, हिला काय झालं? स्पीकरांसाठी रडते की काय?

मग पाकळी पडली. आणि लगेच भांडण सुरू झालं. ते मला सगळं व्यवस्थित ऐकू आलं, कारण दोघेही ओरडत होते.

"डावो," कंट्रोलर खाली बसले. "संपला."

"डावो खंयचो? उजवो पडलो मरे," घाडी म्हणाला.

"माझ्या डाव्या हाताक पडली ती. मगे उजवो कसो?"

"देवाच्या उजव्याक पडली."

"स्टिरिओत डावो-उजवो आयकणाऱ्याचो धरतत," कंट्रोलर म्हणाले. देवळात हे बोलले. देवासमोर.

घाडी हातातली तबकडी खाली ठेवून म्हणाला, "हंय देवाचो धरतत. तुका कोण इचारता?"

तरी ह्यांचं समाधान होईना. शेवटी घाड्याने त्यांना खांद्याला धरून उठवलं, देवाकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाला, आता तूच देव असं समज आणि उजवा हात वर कर. कंट्रोलरांनी हात वर केला. पाकळी त्याच बाजूला होती. दहाबारा माणसं हसली. कंट्रोलर तसेच हात वर करून उभे, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्या खोकणाऱ्या पेट्यांसाठी. मी तिथून निघाले ते घरी येऊन भाकरी अशा थापल्या की मालूवहिनीच्या घरी आवाज गेला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने स्पीकर कुडाळला गेले. दोन तिकिटं, दोन खिडक्या. कंट्रोलर आता ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलतीत जातात. त्या दोघी मात्र पूर्ण तिकिटावर.

मी गडग्याशी उभी राहून मालूवहिनीपुढे मन मोकळं केलं. म्हटलं, बघितलंस ना काल? माझ्यासाठी कधी टिपूस काढलं नाही ह्या माणसाने. पेट्यांसाठी देवळात रडतो.

मालूवहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग गडग्याला वळसा घालून माझ्या बाजूला आली, अगदी जवळ, आणि मोठ्याने म्हणाली, "गो सुमन, तू थंय खांबाकडे होतंस मा? गाऱ्हाणा आयकूक नाय तू?"

"तो पुटपुटतो," मी म्हटलं.

"दाजी घाडी पुटपुटता?" ती म्हणाली. "गो, तेच्या आवाजान देवळातली पाकुरडी उडतत."

मग तिने मला गाऱ्हाणं म्हणून दाखवलं, घाड्याने घातलं होतं तसं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज जा काय ह्या तुजा लेकरू तुज्या दारात उभा आसा, तेच्या घरकारणीक हल्ली कमी आयकाक येता. तिका कोणी ता सांगलेला खपना नाय. नव्या पेटयेतला गाणा तिका आयकाक येना नाय, जुन्या पेटयेतला येता. तर ती जुनी पेटी तेच्या घरात र्‍हवांदे, उघडताना तिका काय होवक देव नको, आणि तेच्या घरकारणीचा गाणा तुटाक देव नको रे म्हाराजा." आणि मालूवहिनी स्वतःच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मला आधी राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. दहाबारा माणसांसमोर, देवासमोर, माझ्या कानांचा उद्धार. येऊ देत घरी, म्हटलं, आज ह्यांची घोषणा मी करते. कुडाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी वाक्यं जुळवत बसले. पहिलं वाक्य होतं, माझ्या कानांना काय धाड भरलीय?

पण वाक्यं जुळवता जुळवता बाकीचंच आठवत गेलं. ती दोनदा घोषणा करण्याची खोड. जेवायला बसताना, रस्त्याने चालताना, एसटीत बसतानाही हे माझ्या उजव्या बाजूला येतात. मी म्हणायचे, पंख्याचं वारं पाहिजे ह्यांना, खिडकी पाहिजे ह्यांना. कुकर लावला की हे आपले स्वयंपाकघराच्या दारात उगीच उभे. मी हाकलायची. चार शिट्ट्या झाल्या की येता-जाता गॅस बंद करायचे आणि मी भांडायची की माझ्या कामात हात घालू नका.

संध्याकाळी कंट्रोलर रिकाम्या हातांनी आले. "तीन आठवडे लागतले," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "तीन आठवडे." मी चहा पुढे ठेवला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे उठले आणि त्या खोलीत गेले. तिथे जमिनीवर दोन चौकोनी डाग होते, बाकी काही नाही. हात पुढे झाला होता तो तसाच राहिला. मग ते स्वयंपाकघरात आले आणि तो हात कुठे ठेवावा ते न कळून उभे राहिले. मी म्हटलं, नारळ किसून द्या. ते तीन आठवडे आमच्याकडे रोज खोबऱ्याचं काहीतरी होतं.

ह्या दिवसांत मी कानांबद्दल बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. पण रात्रंदिवस धास्ती मात्र मला लागली. उघडताना कागद फाटला तर? ज्या सवतींनी मरावं म्हणून मी गूळखोबरं वाटायला निघाले होते, त्यांच्यासाठी मी रवळनाथाला नारळ बोलले. हे कोणाला सांगू नका. मालूवहिनीला तर मुळीच नको.

दिवाळीच्या तोंडावर थोरली-धाकटी घरी आल्या. रिक्षातून उतरवताना कंट्रोलरांनी मला हात लावू दिला नाही, ते एक सोडून द्या. जागेवर बसवल्या, वायरी जोडल्या, जाळीवरून फडकं फिरवलं. मग घोषणा झाली, "खुर्ची क्रमांक एक वरील प्रवाशाने आपली जागा घ्यावी." आणि पुन्हा एकदा.

मी बसले. कंट्रोलरांनी डबलबारीची तीच जुनी कॅसेट लावली. पखवाजाची पहिली थाप आली ती कानात आली की बरगडीत, सांगता येणार नाही, पण आली. मग बाजाची पेटी आली, मग बुवांचा आवाज आला, बाजूला बसून गाणाऱ्या माणसासारखा. झांज काही आली नाही. ह्या भजनात पूर्वी झांज होती हे मला चांगलं आठवत होतं. ती नाही हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कंट्रोलर माझ्या उजव्या बाजूला पाट टाकून जमिनीवर बसले होते आणि माझ्या पायांकडे बघत होते. मीही खाली बघितलं. माझा उजव्या पायाचा अंगठा ताल धरत होता. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी स्वस्थ बसले आहे.

"नव्या स्पीकराक हलना नाय तो," कंट्रोलर म्हणाले. "तू तोंडान काय पण सांग."

कॅसेटची बाजू संपली. मग मी विचारलं, "कुडाळची गाडी किती वाजता?"

"कोणाक जावचा आसा?"

"मला. तो डॉक्टर कुठल्या वारी येतो ते तुम्हाला माहीत असेलच."

सवतींबद्दलचं माझं मत बदललं, असं मात्र कोणी समजू नये. शाल अजून त्यांच्याच अंगावर आहे आणि सकाळचा पहिला हातही त्यांच्याच पाठीवर पडतो. मी जळते आहे ती जळतेच आहे.

कंट्रोलर पाटावरून उठले. सदरा खाली ओढला, घसा साफ केला आणि स्टँडच्या खिडकीत बसल्यासारखे ताठ उभे राहिले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कुडाळकडे जाणारी गाडी गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता सुटेल. सदर गाडीतील खिडकीची जागा..." इथे त्यांनी सदरा पुन्हा एकदा खाली ओढला. मग घोषणा पुन्हा सुरू झाली. "सदर गाडीतील खिडकीची जागा सुमन यांच्यासाठी राखून ठेवण्यात आलेली आहे."

मला पहिल्याच वेळी सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "नीट कळलं नाही हो. पुन्हा सांगा."